तुमचे प्रश्न: ऑफिसात आणि वर्गात सगळ्यांना जागा

कामाच्या ठिकाणी, शाळा-कॉलेजात वेगवेगळ्या माणसांना सामावून घेण्यावर प्रश्न पाठवा असं गेल्या अंकात सांगितलं होतं, तर गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडून मेसेज आले, काही तर रात्री दोन वाजता टाईप केलेले. सगळे छापणं शक्य नाही, सहा घेतलेत, थोडे आवरते करून. नावं कुणाचीच देत नाही, बऱ्याच जणांना त्याच ठिकाणी उद्या परत कामाला जायचंय.

प्रश्न: मी वेर्ण्याला एका कंपनीत एचआरला आहे. दीडशेच्या आसपास माणसं. यंदा डायव्हर्सिटीवर काहीतरी करा असं वरून आलंय. आम्ही ट्रेनिंग ठेवलं, पोस्टर लावले, महिला दिनाला कार्यक्रम केला. पण दिव्यांग उमेदवारांचे अर्जच येत नाहीत आणि चांगल्या बायका दोन-तीन वर्षांत सोडून जातात. सुरुवात कुठून करू?

सुरुवात तुमच्या नोकरीच्या जाहिरातीपासून करा. शेवटची जाहिरात समोर घ्या आणि ओळ न ओळ वाचा. अशा जाहिराती मी खूप बघते आणि त्यात एक ओळ हमखास असते, 'स्वतःची टू-व्हीलर आवश्यक'. आता अकाउंट्सच्या माणसाला कामासाठी टू-व्हीलर कशाला लागते? त्याने वेळेवर यावं एवढाच त्यामागचा अर्थ असतो, पण ज्याला गाडी चालवता येत नाही तो ती ओळ वाचून तिथेच थांबतो, आणि मग आपण म्हणतो अर्जच येत नाहीत. तसंच 'शारीरिकदृष्ट्या तंदुरुस्त असावा'. कशासाठी तंदुरुस्त? पोती उचलायची असतील तर तसं सांगा, नसतील तर ओळ काढा. आणि एक ओळ घाला, 'मुलाखतीसाठी कुठली सोय लागत असेल तर कळवा', त्यापुढे फोन नंबर आणि मेसेज करायचा नंबर दोन्ही द्या, कारण ज्याला ऐकू येत नाही तो तुम्हाला फोन कसा करणार.

मुलाखत पहिल्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर त्या दिवशी खाली बसा. रॅम्प करायचा असेल तर नीट करा, मी घसरगुंडीसारखे रॅम्प पाहिलेत ज्यावरून व्हीलचेअर चढवायला दोन माणसं लागतात. हिशेब सोपा आहे, एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी लागते. म्हणजे दारातली सहा इंचांची पायरी असेल तर सहा फुटांचा रॅम्प, त्याहून आखूड नको.

कायद्याचंही सांगते कारण वरच्यांना ते लवकर कळतं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे. समान संधीचं धोरण लेखी करणं त्यात खासगी कंपन्यांनाही लागू आहे. वीस किंवा जास्त माणसं असतील तर कुठल्या सोयी आहेत, कुठल्या पोस्ट कुणाला जमतील, भरतीनंतर ट्रेनिंग कसं देणार, हे सगळं त्या धोरणात यायला हवं आणि ह्या कामासाठी एक लायझन ऑफिसरही नेमायला हवा. तुमच्याकडे दीडशे माणसं आहेत, म्हणजे हे तुम्हाला करायचंच आहे. नाही केलं तर पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड आणि पुन्हा झालं तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत.

आता बायकांचं. त्या का सोडतात हे पोस्टरला विचारून कळणार नाही, सोडून गेलेल्या तिघी-चौघींना फोन करा, आता त्यांना भीती नाही, त्या खरं सांगतील. माझा अंदाज विचाराल तर बस. दुसरी शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस मडगावला सोडते आणि पुढे कुडचडे, केपे, सांगेच्या गावांत जायला त्या वेळी काही नसतं, मग नवरा नाहीतर भाऊ रोज रात्री स्कूटर घेऊन न्यायला येतो, आणि तो कंटाळला की हिची नोकरी सुटते. बस आणखी दहा-पंधरा किलोमीटर पुढे नेणं हे एका ट्रेनिंगपेक्षा कितीतरी पटींनी कामाचं आहे. पाळणाघर आहे का? पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय कायद्याने द्यावी लागते, पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजाही. आणि त्या रजेवरून परत आलेल्या बाईला तिचं आधीचं काम मिळतं की 'तुला आता जमणार नाही' म्हणून बाजूचं काहीतरी दिलं जातं हेही बघा. गेल्या काही वर्षांत प्रमोशन कुणाकुणाला मिळालं ती यादी काढून बसा, तिच्यात बरंच काही दिसेल.

अजून एक, तुमचा जॉइनिंग फॉर्म. लिंगाच्या रकान्यात दोनच चौकोन असतील तर तिसरा करा. सुप्रीम कोर्टाने २०१४ सालीच तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः सांगायचा हक्क मान्य केलाय आणि २०१९ च्या कायद्याने नोकरीत भेदभाव करायला बंदी आहे, प्रत्येक आस्थापनेत त्यासाठी तक्रार अधिकारी नेमायचा आहे. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक नाव आणि समोर बसलेल्या माणसाचं दुसरं नाव असं झालं की आपल्याकडे रिसेप्शनपासून कुजबुज सुरू होते, ती पहिल्या दिवशी थांबवणं हे तुमचं काम. त्या माणसाने आपली कहाणी दहा टेबलांवर सांगत फिरायची वेळ येऊ देऊ नका.

प्रश्न: पेडण्यात आमचं छोटं हॉटेल आहे, सीझनला चौदा-पंधरा माणसं असतात, एरवी आठ. लैंगिक छळाविरुद्धची समिती आम्हालाही लागते का? आमच्याकडे तसं काही नाही, सगळे घरच्यासारखे आहेत.

लागते. दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असली की २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमायची, आणि हंगामी, रोजंदारीवाले, कॉन्ट्रॅक्टवाले, शिकाऊ सगळे त्यात मोजायचे. अध्यक्ष म्हणून तुमच्याकडची वरिष्ठ बाई, कामगारांतले किमान दोन, आणि एक बाहेरची व्यक्ती, ह्या विषयात काम केलेली. निम्म्या तरी बायका हव्यात. समिती नसली तर पन्नास हजारांपर्यंत दंड. सीझन संपून माणसं दहाच्या खाली आली तरी बाईला तक्रारीचा रस्ता बंद होत नाही, जिल्ह्याची स्थानिक समिती असते तिथे ती जाऊ शकते. साधारण तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते.

सगळे घरच्यासारखे आहेत हे तुम्ही मनापासून लिहिलंय हे कळतं, पण किचनमध्ये भांडी घासणारी मुलगी बहुतेक वेळा दुसऱ्या राज्यातून आलेली असते, राहायची सोय तुमचीच, पगार तुमच्याच हातात. तिला मालकाकडे येऊन बोलणं किती अवघड आहे बघा. म्हणून समितीतल्या बाईचा नंबर तिला वाचता येईल अशा भाषेत लावा, हिंदी, कन्नड, नेपाळी, जी असेल ती, आणि जिथे ती एकटी असताना बघू शकेल तिथे, म्हणजे बायकांच्या टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला.

प्रश्न: मी डिचोली तालुक्यात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं बाहेरून आलेल्या कामगारांची, घरी कन्नड, लमाणी, हिंदी बोलणारी. गावातले पालक म्हणतात 'ह्या मुलांमुळे शाळेचा दर्जा गेला' आणि आपली मुलं काढून नेतात. मला दोन्ही बाजूंचं कळतं पण वर्ग कसा चालवू ते कळत नाही.

टीचर, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ विचार करत बसले होते, कारण ही गोष्ट एका डिचोलीची नाहीये, सत्तरीत, फोंड्यात, वास्कोच्या बाजूला सगळीकडे हेच चाललंय आणि मोठ्याने कुणी बोलत नाही.

आधी पक्कं काय ते सांगते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिलाय. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही, आणि मूल नऊ वर्षांचं असेल पण कधी शाळेत गेलंच नसेल तर त्याला पहिलीत न बसवता वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे पडलंय ते भरून काढायला वेगळं शिकवायचं. 'कुठल्या राज्याचा' हा प्रश्न त्यात कुठेच नाही. मानसिक त्रास देणं हेही त्याच कायद्याने बंद केलंय, आणि 'ए घाटी' म्हणून हाक मारणं हा मानसिक त्रासच आहे, मग ती मुलांनी मारलेली असो की मोठ्यांनी.

आता वर्ग. मूल मराठी बोलत नाही म्हणजे त्याला येत नाही असं नाही. गणितात बघा, बापाबरोबर बाजाराला बसणारं लमाणी मूल सुट्टे पैसे तुमच्याआमच्यापेक्षा पटकन मोजतं, पण 'एका टोपलीत पाच आंबे' असं वाचता येत नाही म्हणून वहीत शून्य. तर पहिले काही महिने त्याला तोंडी उत्तर देऊ द्या, त्याच्या भाषेत दिलं तरी चालेल, बाजूला बसलेलं कुणीतरी सांगेल ते काय म्हणालं. भिंतीवर शब्दांचे तक्ते लावता ना, त्यात पाण्याच्या चित्राखाली 'पाणी' आणि त्याच्याखाली 'नीरु' लिहा, कन्नड शब्द पण देवनागरीतच. हे शब्द त्याच मुलाला विचारून लिहा, सगळ्या वर्गासमोर. ज्या दिवशी ते मूल बाकीच्यांना काहीतरी शिकवतं त्या दिवसापासून त्याच्याकडे बघायची नजर बदलते, हे मी शाळांत बघितलंय. २०२० च्या शिक्षण धोरणातही घरच्या भाषेतून शिकायला मिळावं असं म्हटलंय, जमेल तिथे पाचवीपर्यंत. तुम्हाला कन्नड पुस्तकं मिळणार नाहीत कदाचित, पण घरची भाषा वर्गात बोलायची मुभा द्यायला पुस्तक लागत नाही.

नाव नीट घ्या. ही छोटी गोष्ट नाही. हजेरीत मुलाचं नाव आपल्या सोयीने बदलून टाकतात, मग दाखल्यावर तेच लागतं, आणि पुढे आधार कार्डाशी जुळत नाही म्हणून दहावीच्या फॉर्मला रडारड.

बसायच्या जागा महिन्याने बदला, नाहीतर आपोआप दोन गट पडतात, पुढे गावचे आणि मागे बाहेरचे. दुपारच्या जेवणालाही तेच. आणि पालकसभा सकाळी अकराला घेऊ नका, त्या वेळी ही माणसं साईटवर असतात, एक दिवस गेला तर हजेरी बुडते. रविवारी संध्याकाळी तासभर ठेवा, किंवा सरळ त्यांच्या खोल्यांकडे जा, पंचाला बरोबर घेऊन.

गावातल्या पालकांशी भांडू नका. त्यांची भीती खरी आहे, आपल्या मुलाकडे लक्ष कमी होईल ही. त्यांना वर्गात बोलवा, आपलं मूल वाचतंय ते स्वतः ऐकू द्या, एवढं पुरेसं आहे. आणि एक गोष्ट मात्र त्यांना शांतपणे सांगाच, शाळा पटावर चालते, पट कमी झाला की शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करायची चर्चा सुरू होते. गावची मराठी शाळा आज उघडी आहे ती बऱ्याच ठिकाणी ह्याच मुलांमुळे. आपली माणसंही मुंबईला गेली, आखातात गेली, आता पोर्तुगाल-इंग्लंडला जातायत, त्यांची पोरं तिथल्या वर्गात आज नवीन म्हणून बसलेली आहेत. त्यांना तिथे कसं वागवलं जावं असं आपल्याला वाटतं?

प्रश्न: एवढं सगळं ठीक आहे, पण शेवटी गुणवत्ता बघायला नको का? गट बघून घेतलं तर काम बिघडतं. (म्हापसा)

बघायला हवीच. पण गुणवत्ता मोजतो कशाने ते विचारा. केप्याच्या किंवा काणकोणच्या आतल्या वाड्यावरची मुलगी पहाटेची कदंब, म्हणजे सरकारी बस, पकडून दोन बस बदलून कॉलेजला येते, संध्याकाळी घरी पोचेपर्यंत काळोख, आणि ६८ टक्के काढते. कॉलेजच्या बाजूला राहणारा, ट्यूशनवाला मुलगा ७४ काढतो. ह्यात जास्त गुणवान कोण ते मला तरी एका आकड्यावरून सांगता येणार नाही. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजाला अनुसूचित जमातींच्या यादीत यायला २००३ साल उजाडलं, गोवा मुक्त झाला १९६१ ला, म्हणजे मध्ये चाळीसहून जास्त वर्षं नुसती गेली. आणि आरक्षण प्रवेशापुरतं असतं, डिग्रीचा पेपर सगळ्यांना एकच येतो आणि एकाच पद्धतीने तपासला जातो.

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे (वाळपई). तोंडी सगळं येतं पण लिहिताना अक्षरं उलटसुलट होतात, जोडाक्षरं तर सुटतातच. शाळेत म्हणतात 'लक्ष नाही, आळशी आहे'. एका डॉक्टरांनी लर्निंग डिसेबिलिटी असेल म्हटलं. घरचे म्हणतात सर्टिफिकेट काढलं तर पोराला कायमचा शिक्का बसेल.

ताई, शिक्का बसलाय आधीच, 'आळशी' हा. तो पुसायचा असेल तर तपासणी करून घ्या आणि लवकर घ्या, कारण दहावीच्या सवलती ऐनवेळी मिळत नाहीत.

जुन्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि त्यात लर्निंग डिसेबिलिटी आहे. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा, पण आधी तपासणी कुठे होईल ते बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजमध्ये विचारून घ्या. जाताना त्याच्या वह्या घेऊन जा, नुसते रिपोर्ट कार्ड नको. एकाच पानावर तोच शब्द तीन वेगळ्या पद्धतींनी लिहिलेला असतो, ते तपासणाऱ्याला खूप काही सांगतं.

मग मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, बोर्डाकडे सवलतीचा प्रस्ताव पाठवायला. जादा वेळ, लेखनिक वगैरे. प्रमाणपत्रावर अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर हक्क स्पष्ट आहे, केंद्राने २०१८ साली काढलेल्या सूचनांत तासाला किमान २० मिनिटं जादा म्हटलंय, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. आणि ४० च्या खाली आलं तरी निराश होऊ नका. २०२१ साली सुप्रीम कोर्टाने एका उमेदवाराच्या केसमध्ये, हाताला लिहिताना त्रास व्हायचा त्याला, स्पष्ट सांगितलं की लेखनिक फक्त ४० टक्केवाल्यांनाच असं म्हणता येणार नाही.

वर्गात आजपासून करता येण्यासारखंही आहे. त्याला सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला उभं करू नका असं टीचरना सांगा, त्याने स्वतः हात वर केला तर वेगळं. फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावण्याऐवजी फोटो काढू द्या. इतिहासाच्या पेपरात उत्तर बरोबर असेल तर शुद्धलेखनाचे मार्क कापू नका. ह्यातल्या एकाही गोष्टीला पैसे लागत नाहीत. आणि मुलाला खरं काय ते सांगा, त्याच्या पाठीमागे कुजबुजू नका. नववीतलं मूल आहे, आपण आळशी नाही हे कळल्यावर ते किती मोकळं होतं ते तुम्ही बघालच.

प्रश्न: मला दिसत नाही. फोंड्याला सरकारी ऑफिसात क्लार्क आहे, कोट्यातून लागलो. काम देत नाहीत. टेबल दाराजवळ, कॉम्प्युटर नाही. साहेब वाईट नाहीत, म्हणतात 'तुम्ही आराम करा, पगार मिळतोय ना'. एकदा कॉम्प्युटर दिला पण मराठी परिपत्रकं वाचायला गेलो तर भलतंच ऐकू येतं, म्हणून परत नेला. मला काम करायचंय.

तुमचं शेवटचं वाक्य मी संपादकांना वाचून दाखवलं. साहेबांना ही माया वाटत असेल, पण हाताला काम न देणं हा भेदभाव आहे. जो माणूस परीक्षा पास होऊन आला त्याला दाराजवळ बसवून ठेवलं की बाकीचं ऑफिस हेच शिकतं की चार टक्के कोट्यातली माणसं नुसती बसायला येतात.

आधी त्या भलत्या आवाजाचं बघू, कारण दोष तुमचा नाही आणि सॉफ्टवेअरचाही नाही. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेल्या फाईलमध्ये डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, आतलं वाचतो. फाईल युनिकोडमध्ये केली, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरंच साठवली, की तोच कॉम्प्युटर तीच फाईल स्वच्छ मराठीत वाचून दाखवतो. जुन्या फाईली बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. दुसरी अडचण स्कॅनची, सही-शिक्का मारून स्कॅन केलेलं परिपत्रक म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी फोटोच, त्यात वाचण्यासारखं अक्षर नसतं. म्हणून स्कॅनबरोबर मूळ वर्ड फाईलही मेलवर पाठवा एवढीच मागणी करा. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट आहे, विंडोजवर चालतो, मराठीही वाचतो. एक साधा कॉम्प्युटर आणि हेडफोन, बाकी खर्च शून्य.

काम काय मागायचं तेही तुम्हीच सुचवा, साहेबांवर सोडू नका, त्यांना खरंच कल्पना नसते. ऑफिसचा मेल बघणं, माहिती अधिकाराच्या उत्तरांचे मसुदे, एक्सेलमधल्या नोंदी, फोनवरच्या चौकशा, ह्यातलं काय जमतं ते लिहून द्या. आणि टेबल आत हलवून मागा, फाईल जिथे फिरते तिथे.

अर्ज लेखीच द्या. त्यात २०१६ च्या कायद्याचं कलम २० लिहा, सरकारी आस्थापनेने कर्मचाऱ्याला गरजेप्रमाणे सोय द्यायची असं त्यात आहे. त्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. तुमच्या खात्यात तो कोण ते विचारा. तिथे हललं नाही तर जिल्हा समितीकडे जाता येतं, राज्याचे दिव्यांग आयुक्तही आहेत, २०२३ पासून पणजीत जो पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो तो त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाला. तिथे जगभरचे लोक येऊन आपलं कौतुक करून जातात, मग फोंड्याच्या ऑफिसातला एक कॉम्प्युटर ही काही मोठी मागणी नाही, तुम्ही बिनधास्त करा. अर्जाच्या दोन प्रती काढा, एका प्रतीवर आवक नंबर आणि तारीख टाकून पोच घ्या, आणि ती प्रत मोबाईलवर फोटो काढून घरच्या कुणाला तरी लगेच पाठवून ठेवा. महिन्याभरात काय झालं ते मला कळवा, पुढच्या वेळी ह्याच पानावर पुढचं लिहू.